रघोत्तमरावांचा डावा पाय

रघोत्तमरावांच्या घरात त्यांचा बसलेला फोटो एकच होता, लग्नातला, आणि त्यातही ते अर्धे उठलेले होते. शेजारी पद्माबाई मान खाली घालून नीट बसलेल्या, आणि हे खुर्चीच्या कडेला टेकलेले, एक हात गुडघ्यावर, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे. बहुतेक मांडवाच्या मागे भांडी घासली जात होती तिकडे. फोटोग्राफरने बिचाऱ्याने 'जरा बसा हो' म्हणून किती विनवण्या केल्या ते पद्माबाई इतक्या वर्षांनंतरही हसून हसून सांगायच्या.

ओरगडमच्या बाजूला तेव्हा गाड्यांचे नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकात माझ्या नवऱ्याला नोकरी लागली, म्हणून आम्ही चेन्नईला आलो. मांबलममध्ये रघोत्तमरावांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. सामान उतरवलं त्या दिवशी हा उंच, सडपातळ, साठी उलटलेला गृहस्थ हातात कॉफीचा पेला घेऊन वर आला आणि नळाला पाणी येतंय का, पंखा फिरतोय का, असं विचारत सगळ्या खोल्यांतून चालत राहिला. मी 'बसा ना' म्हणत मागे मागे. शेवटी ते गेले तेव्हा त्यांचा पेला न्हाणीघराच्या खिडकीत सापडला. मला रागच आला होता. पण जाताजाता त्यांनी माझं बोलणं ऐकून जिन्यातच पाय थांबवला आणि मराठीत विचारलं की तुम्ही कुठल्या गांवींच्या. मी कोल्हापूरची, ते तंजावूरचे.

त्यांची मराठी ऐकायला मला फार गोड वाटायची. आपल्याकडे जुन्या पोथीत सापडतील असे शब्द आणि चाल मात्र तमिळ. 'सगळे' म्हणायचं तर ते 'अस्के' म्हणत आणि 'लवकर' म्हणायचं तर 'बेगीन'. हा 'बेगीन' त्यांच्या तोंडी दिवसभर असायचा. बाजारात, दुकानात, फोनवर ते तमिळच बोलत आणि तेही धावतं. मराठी मात्र सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं. त्या माणसाने आयुष्यात सावकाश केलेली ती एवढीच गोष्ट, असं मी नवऱ्याला म्हणायची.

गल्लीत आणि बाजारात सगळे त्यांना 'रावसार' म्हणत. धंदा होता लग्नकार्याला भांडी भाड्याने देण्याचा. मोठाले हंडे, पराती, झारे, पिंप, पितळेच्या घागरी. दुकान घराच्या खालीच होतं, आणि दाराशी त्यांची पांढरी पिकअप उभी असायची. उभी म्हणजे रात्रीपुरती. दिवस उजाडला की ती आणि तिचे मालक दोघेही रस्त्यावर. भांडी ते स्वतः पोचवत आणि स्वतः आणत, ड्रायव्हर कधी ठेवला नाही. ड्रायव्हर ठेवला तर मी काय करूं, असं ते विचारत.

इडली ते उभ्याने खात. देवळात जात ते फक्त प्रदक्षिणेसाठी, अर्चनेला थांबायला लागतं म्हणून ते काम पद्माबाईंचं. न्हाव्याकडे एकदा अर्ध्या दाढीतून उठून आले होते, कारण समोरून जाणाऱ्या हातगाडीवर त्यांना स्वतःचा हंडा दिसला. हंडा त्यांचा नव्हता, पण मग उरलेली दाढी करायला परत जायचा कंटाळा आला. 'बसा की हो जरा' असं कोणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "एका ठायीं राहिलं की कळकतं. माणूस बी तसाच." कल्हई उडालेल्या पितळेत ताक राहिलं की कसं हिरवट होतं हे त्यांच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ही गोष्ट ते माणसांना लावत, आणि मनापासून लावत.

या घाईपायी त्यांनी गोंधळही थोडे घातले नाहीत. मायलापूरला एका लग्नात शेवटची पंगत बसली होती आणि हे मागे भांडी गोळा करत फिरत होते. रिकामं दिसलं ते उचल, असा झपाटा. ताकाचं पिंप झाकलेलं होतं. यांनी ते पिकअपमध्ये चढवलं आणि निघाले. इकडे पंगत ताकभाताला येऊन अडली. मुलीचा बाप मांडवात ताक कुठे म्हणून ओरडतोय आणि ताक मांबलमच्या रस्त्याला लागलेलं. घरी आल्यावर झाकण काढून बघितलं तेव्हा रावसार तसेच वळले आणि ताक घेऊन परत गेले. पंगत तोवर थांबलेली होती, म्हाताऱ्या बायका हात वाळवत बसलेल्या. त्यांनी स्वतः वाढलं. त्या मुलीच्या बापाने पुढे धाकटीच्या लग्नालाही यांचीच भांडी घेतली, फक्त ताकाच्या पिंपापाशी एक मेहुणा बसवून ठेवला.

मला जॉर्ज टाउनमध्ये एका निर्यातीच्या ऑफिसात काम मिळालं होतं. रावसारांना भांड्यांच्या घाऊक बाजारात तिकडे वरचेवर जावं लागे, मग ते मलाही पिकअपमधून नेत. फुकटची गाडी म्हणून मी खूश, पण जीव मुठीत धरून. ते वेगाने चालवत अशातला भाग नाही. चालवत चांगलंच. पण सिग्नल लागला की या माणसाचा चेहरा कोणी हात धरून ठेवल्यासारखा व्हायचा. गाडी गिअरमध्ये, डावा पाय क्लचवर दाबलेला, उजवा ब्रेकवर, नजर दिव्यावर. मधूनच ब्रेक सैल करून बोटभर पुढे, परत बोटभर पुढे. माझ्या ऑफिसपाशी ते गाडी कधी पुरती थांबवतच नसत. वेग कमी करत, मी उडी मारत असे, आणि दार मी लोटेपर्यंत ते पुढच्या हातगाडीशी वाद घालत असत.

मग पोंगल झाला, लग्नांचा हंगाम तोंडावर आला आणि पनगल पार्कच्या सिग्नलला ती गोष्ट घडली. मी तेव्हा गाडीत नव्हते. लाल दिवा होता, पुढे एक स्कूटर, तिच्यावर नवराबायको आणि पुढे उभी त्यांची लहान मुलगी. रावसारांची पिकअप उभ्या उभ्या पुढे सरकली आणि स्कूटरला लागली. स्कूटर आडवी झाली. तिघांनाही फार काही झालं नाही, मुलीचा गुडघा खरचटला. तिला रावसारांनीच उचलून औषधाच्या दुकानात नेलं, मलमपट्टी केली, तिच्या आईची माफी मागितली. जमलेले लोक म्हणत होते की म्हाताऱ्याचा क्लचवरून पाय सुटला. ते घरी आले तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. "मी पाय उचललों नाहीं. गाडी आपण गेली."

त्यांची मुलगी मालिनी तांबरमला बँकेत होती. बापावर अतिशय जीव, आणि म्हणूनच कडक. ती त्याच संध्याकाळी आली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. साखरेचा आजार त्यांना जुना होताच. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळपायाला कापूस फिरवला आणि कुठे लागतंय ते सांगा म्हणाले. पद्माबाईंचं म्हणणं, यांनी घाईघाईत निम्मी उत्तरं अंदाजाने ठोकली. डाव्या पायातली जाणीव थोडी कमी झाली आहे, असं डॉक्टर म्हणाले. थोडी म्हणजे किती, असं रावसारांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सध्या थोडी.

मालिनीला तेवढं पुरलं. तिने पिकअपची किल्ली उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"अप्पा, गाडी नाहीं. पाय," ती म्हणाली.

रावसारांनी ऐकून घेतलं नाही. सैदापेटचा सेल्वम त्यांची गाडी बघायचा, त्याला घरी बोलावलं. क्लच बिघडलाय, तपास, असं सांगितलं. सेल्वमने खाली वाकून बघितलं, तेल कुठे गळत नव्हतं. पेडल धपाधप दाबून बघितलं, घट्ट होतं. गल्लीतून एक चक्कर मारून आला आणि क्लच उत्तम आहे म्हणाला. तोही आदराने बोलला, पण बोलताना त्याची नजर त्यांच्या पायावर गेली. ती त्यांनी पाहिली. माणूस असा उतरलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

मालिनीने गिऱ्हाईक शोधलं. तांबरमचाच कोणी, आठवड्याअखेर गाडी बघायला येणार होता. भांड्यांचं काय, तर भाड्याचा टेम्पो करायचा, आणि तेही झेपेनासं झालं की दुकान बंद. तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नव्हतं. त्या स्कूटरवरच्या मुलीचा विचार आला की मलाही ते पटायचं. पण खालच्या मजल्यावर जे चाललं होतं ते ऐकवत नव्हतं. रावसार सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यात येरझारा घालत. चपलांचा आवाज भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. टेम्पो भांडी घेऊन निघाला की ते त्याच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जात आणि तिथे थांबून राहत. एकदा मी ऑफिसातून येताना त्यांना बंद पिकअपमध्ये बसलेलं पाहिलं. किल्ली नाही, काही नाही, नुसतेच डावा पाय क्लचवर दाबत होते आणि सोडत होते. मला बघून खाली उतरले आणि काच पुसायला लागले.

गिऱ्हाईक येणार त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेले होते. पद्माबाई शेंगा चिरत होत्या, रावसार कॉफी घेऊन फेऱ्या मारत होते. मला राहवलं नाही, आणि जरा वैतागूनच मी म्हटलं की काका, क्लच बिघडला असेल तर तो सेल्वमच्या पायाखाली का नाही बिघडत, तुमच्याच पायाखाली का बिघडतो. उत्तर दिलं पद्माबाईंनी, शेंगांवरून नजर न काढता.

"हे ती दांडी मध्यें ठेवीतच नाहींत. लाल दिवा असो, रेलवेचं फाटक असो, पाय दाबून बसतात. दुसरे अस्के मध्यें ठेवून उगे बसतात."

रावसार थांबले. खरोखरच थांबले, हातात पेला, एक पाय पुढे. इतकी वर्षं या बाई त्यांच्या शेजारी बसून लग्नांना जात होत्या आणि त्यांना गाडी येत नव्हती, पण गिअरची दांडी कुठे असते आणि कुठे असायला हवी हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. सेल्वम पेडल दाबतो आणि लगेच सोडतो. सिग्नलला बाकीचे लोक न्यूट्रल करतात आणि पाय काढतात. क्लच दाबून नुसतं धरून ठेवणारा माणूस त्या गाडीला एकच भेटलेला होता. पेला खिडकीत ठेवून ते फोनकडे धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाच्या आधी सेल्वम आला आणि मालिनीही आली, पर्स घट्ट धरून. रावसारांनी सेल्वमला बसू दिलं नाही. तू बैस, असं मालिनीला म्हणाले. तिला तिची छोटी गाडी चालवायची सवय होती, त्यामुळे ती बसली. पिकअप सपाट जागी, पुढे मोकळी गल्ली. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच घट्ट लागेपर्यंत दाबलेला, ब्रेकवरचा पाय काढलेला पण तयार. आणि आता उचलूं नको, नुसती धरून बैस, असं त्यांनी सांगितलं.

गाडी जागची हलली नाही. सेल्वम मान हलवायला लागला. मालिनी समोर बघत बसलेली. रावसार गाडीच्या या अंगाने त्या अंगाला, परत या अंगाला चालत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मी खिडकीशी उभी होते. मला आत तिचा पाय दिसत होता, आणि तो पाय तसाच दाबलेला असताना पेडल हळूच खाली निघालं. आधी दिसलंही नाही. मग तिला कळलं. खाली जातंय अप्पा, असं ती म्हणाली, पाय आणखी रेटला, पण रेटायला पुढे जागाच उरली नव्हती, आणि पिकअप एक हिसका देऊन पुढे निघाली. तिने ब्रेक मारला. इंजिन बंद पडलं. ती तशीच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रडायला लागली.

"मी उचललें नाहीं, अप्पा," ती म्हणाली.

"मी बी उचललों नव्हतों," ते म्हणाले. त्यांनी खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला. मग लगेच सेल्वमकडे वळून तमिळमध्ये ओरडले की बघतोस काय, बॉनेट उघड.

क्लचच्या या जातीत तार नसते. पेडल दाबलं की एका नळकांड्यातला दट्ट्या पुढे सरकतो, तो नळीतल्या तेलाला रेटतो, आणि ते तेल पलीकडचं दुसरं नळकांडं हलवून क्लच सोडवतं. दट्ट्याच्या रबरी वायसरने तेल अडवून धरलं तर सगळं जागेवर. वायसर सैल झाला की तेल त्याच्या कडेने आतल्या आतच मागे सरकतं. बाहेर थेंब गळत नाही, झपकन दाबलं तर घट्टही लागतं, पण धरून ठेवलं की हळूहळू सुटतं. सेल्वमने हे ओशाळून समजावलं आणि त्या नळकांड्याच्या वरच्या छोट्या डब्याचं झाकण काढलं. त्याने बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट रावसारांपुढे धरलं. मलाही वास आला. तिळाचं तेल.

आतलं तेल दोन थरांत फुटलेलं होतं, वरचा थर दिव्यातल्या तेलाचा. मग सगळा उलगडा झाला. त्या घरात आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, नंदादीपातलं तेल चमच्याने घेऊन घरातल्या प्रत्येक अवजाराला घालायची पद्धत होती. विळीला, अडकित्त्याला, शिवणाच्या यंत्राला, दुकानाच्या कुलपाला, दाराच्या बिजागऱ्यांना. रावसारांच्या आईपासून चालत आलेलं. पूर्वीच्या जुन्या व्हॅनला ते दाराच्या कडीला घालत. ही पिकअप नवी, तिची ती पहिलीच आयुधपूजा. पद्माबाई चमचा घेऊन उभ्या राहिल्या आणि हिला तेल कुठे घालायचं म्हणून विचारू लागल्या. ह्यांना तर पूजा आटपून कुठेतरी जायची घाई होती.

पद्माबाई पायरीवर उभ्या होत्या. सेल्वमच्या बोटाकडे बघून त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तो मला अजून दिसतो. त्या स्कूटरवरच्या मुलीचं नाव त्यांच्या तोंडी आलं. रावसारांनी औषधाच्या दुकानात विचारून घेतलेलं ते नाव त्या रोज देवापुढे घेत होत्या.

रावसार त्यांना पुढे बोलूच देईनात. "मीच दाखवलों. बेगीन हो म्हणून बॉनेट मीच उघडलों आणि ह्यांत घाल म्हणून मीच सांगितलों. तुझं काय त्यांत," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं, मागून पद्माबाईंनीही कबूल केलं. त्या तेलानेच रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याला कॉफी पाजून परत पाठवलं.

सैदापेटला दुरुस्तीच्या दिवशी मीही गेले, कारण मला सुट्टी होती आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. सेल्वमने दोन्ही नळकांडी बदलली, कारण फुगलेलं रबर दोन्हीकडे होतं. मधली नळी धुतली, नवीन तेल भरलं. मग नळीतली हवा काढायची. यासाठी एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निपल, म्हणजे तेलाची छोटी तोटी, सैल करून बुडबुडे बाहेर सोडायचे, निपल आवळल्यावर वरच्याने पाय सोडायचा. सेल्वमचा गडी पुढे झाला, पण रावसारांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः बसले. खालून सेल्वम दाबा म्हणे, धरा म्हणे, सोडा म्हणे. रावसार एकदाही चुकले नाहीत. इतका वेळ एका जागी बसून दुसऱ्याच्या तालावर काही करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फक्त एक होतं. प्रत्येक वेळी पेडल दाबण्याआधी ते वाकून आपला पाय कुठे आहे ते बघत होते. मला वाटलं, धडा घेतला, आता जपून वागतायत. मला ते आवडलं होतं.

मालिनीने किल्ली परत दिली. पुन्हा रस्ते, पुन्हा हंडे, पुन्हा सिग्नलला बोटभर पुढे. मी पुन्हा जीव मुठीत धरून जॉर्ज टाउनला जायला लागले. रावसारांनी ही क्लचची गोष्ट सगळ्या मांबलमला ऐकवली, आणि प्रत्येक वेळी शेवटी डावी मांडी थोपटून म्हणत की पाय पक्का आहे. ऐकणाऱ्यांनाही बरं वाटायचं, कारण म्हातारा चुकला नव्हता ही गोष्ट कोणाला आवडत नाही.

पुढची आयुधपूजा आली. पिकअप धुतली, झेंडूचे हार घातले, गंध लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बॉनेट यंदा उघडायचंच नाही म्हणून त्यांनी त्याच्या फटीत चक्क दोरी बांधली होती. पद्माबाईंनी विळीला, कुलपाला, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि चमच्यात उरलेले थेंब घेऊन पिकअपपाशी उभ्या राहिल्या. आता हे कुठे घालूं, त्यांनी विचारलं. रावसारांनी धोतर वर केलं आणि डावा पाय पुढे केला.

"इथें घाल. हेंच एक आयुध आहे, जें कोणीं बघत नाहींत."

आम्ही सगळे हसलो, मालिनी तर डोळे पुसेपर्यंत हसली. पद्माबाईंनी मात्र खरंच खाली बसून ते तेल त्यांच्या तळपायाला लावलं, सावकाश, बोटांच्या मधूनही. ते दुसरीकडेच बघत मालिनीशी बोलत होते. पद्माबाईंनी एकदा वर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत खाली बघितलं. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

त्यानंतर पाऊस होऊन गेला आणि एका सकाळी आम्ही माउंट रोडने जात होतो. मागे हंड्यांचा खडखडाट. ते मला कोणा कंजूष यजमानाची गोष्ट सांगत होते. सिग्नल लागला. नेहमीप्रमाणे गाडी गिअरमध्ये, पाय क्लचवर. पुढून शाळेच्या मुलांची एक रांग रस्ता ओलांडून गेली, शेवटच्या मुलीच्या हातात पाण्याची बाटली होती, आणि ती फुटपाथवर चढली असेल नसेल तोच पिकअपने हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं. गोष्ट अर्ध्यावर राहिली.

मी खाली पाहिलं. त्यांनीही पाहिलं. क्लचचं पेडल वर होतं. त्यांचा डावा पाय त्याच्या शेजारी, चटईवर, वाकडा पडलेला होता, चप्पल अर्धी सुटलेली. पाय तिथे गेलाय हे त्यांना पाहिल्यावर कळलं. ते त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे बघत होते.

"क्लच बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी चप्पल नीट केली, पाय बघून पेडलवर ठेवला, गाडी चालू केली. पुढचा सिग्नल दिसल्यावर त्यांनी लांबूनच वेग कमी केला. दिवा लाल होता. त्यांनी दांडी मध्ये आणली, हँडब्रेक ओढला, दोन्ही पाय मागे घेतले आणि हात मांडीवर ठेवले. मागून हॉर्न वाजू लागले तेव्हा मला कळलं की दिवा हिरवा होऊन बराच वेळ झालाय. पुढच्या प्रत्येक सिग्नलला त्यांनी तेच केलं. त्या यजमानाची गोष्ट त्यांनी पुरी केली नाही आणि मीही विचारलं नाही.

जॉर्ज टाउनला माझ्या ऑफिससमोर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पूर्ण थांबवली. इंजिन बंद केलं, किल्ली काढली, ती थोडा वेळ हातात धरली आणि माझ्या हातात दिली. मालिनीला तूच फोन कर, असं सावकाश मराठीत म्हणाले, आणि तिला सांग की मी वाट बघतों आहें.

मी उतरले. ऑफिसच्या जिन्यावरून मागे वळून पाहिलं. रस्ता हातगाड्यांनी तुंबला होता, हमाल त्यांना गाडी पुढे घ्या म्हणून ओरडत होते, कोणीतरी बॉनेटवर थाप मारली. रघोत्तमराव खुर्चीला पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, नीट बसले होते.